काउंटरच्या आतलं दुकान

वर्ध्याजवळच्या सेलूच्या बाजारात 'गुल्हाने मशिनरी स्टोअर्स' कुठे, असं विचारलं की कोणीही बोट दाखवायचं. पण ते दुकान आतून कसं आहे, हे मात्र गावात कोणालाच सांगता आलं नसतं. प्रभाकरराव गुल्हाने यांनी चौतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला काउंटरच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. काउंटरच्या एका टोकाला उचलायची सागवानी फळी होती. ती फक्त त्यांच्यासाठी उचलली जायची. गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहून मागायचं, "साडेपाच हॉर्सपॉवरच्या राजकोटी इंजिनाच्या रिंगा द्या." प्रभाकरराव आतल्या अंधारात शिरायचे आणि मिनिटाच्या आत नेमका तोच डबा घेऊन बाहेर यायचे. कोणी "आत येऊन पाह्यतो" म्हटलं, तर उत्तर ठरलेलं असे. "आत प्रदर्शन लागलं नाई, भाऊ. काय पाहिजे ते सांगा."

नियमाला कारण होतं. त्याआधी, दुकान अगदी नवं असताना, एका ओळखीच्या माणसानं आत येऊन रिंगांचे डबे चाळले आणि दोन मापांच्या रिंगा एकत्र केल्या. तो पूर्ण हंगाम हिंगणीपासून तळेगावापर्यंतच्या विहिरींवर चुकीच्या रिंगा गेल्या आणि शिव्या प्रभाकररावांनी खाल्ल्या. त्या दिवसापासून फळी खाली पडली ती पडलीच.

दोन हजार सात साल उजाडलं तेव्हा मात्र काउंटरसमोर उभं राहायलाच कोणी उरलं नव्हतं. शेतकऱ्यांनी विजेचे पंप बसवले होते आणि डिझेल इंजिनं गोठ्याच्या कोपऱ्यात गेली होती. आत सहा हजार सुटे भाग पडून होते. त्यांतले निम्मे बनवणारे कारखाने तर कधीच बंद झाले होते. पुण्याला नोकरीत असलेला मुलगा धीरज गुढीपाडव्याला आला आणि वर्ध्याच्या मोतीलाल भंगारवाल्याशी बोलूनच आला.

"बाबा, हे सगळं वजनावर देऊन टाकू. तुम्ही आणि आई पुण्याला चला. इथं दिवसभर बसून करता काय?"

प्रभाकररावांच्या आधी बोलली दिपाली. ही त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि मोठ्या काकांना विदर्भातल्या रिवाजाप्रमाणे मोठेबाबा म्हणायची.

"धीरजदादा, हे भंगार नाई. याच्यातल्या एखाद्या नोझलसाठी कोनीतरी कुठंतरी गाव पालथं घालून राह्यलं असन. मी मोठेबाबांची वेबसाइट बनवते. लोकाहिले दिसू तर दे."

धीरज हसला, पण मुलगा न्यायाचा होता. त्यानं मुदत दिली. पोळ्यापर्यंत इंटरनेटवरून एक तरी गिऱ्हाईक आलं, तर तो पुन्हा विषय काढणार नव्हता. नाही आलं, तर पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी मोतीलालचा ट्रक दुकानासमोर लागणार होता. प्रभाकररावांनी शब्द दिला. दिलेला शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता, आणि नेमकी हीच गोष्ट त्यांच्या छातीवर दगडासारखी बसली.

मे आणि जून कामात गेले. ते एकेक भाग बाहेर आणून टेबलावर ठेवायचे, दिपाली फोटो काढायची आणि ते सांगतील तसं माप, बनावट, उपयोग टाइप करायची. एका प्रकारच्या भागाला एक पान, अशी आठशे चाळीस पानं झाली. पहिल्या पानावर काय ठेवायचं, हा प्रश्न आला तेव्हा प्रभाकररावांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"दुकानात जसं हाय तसंच. येणाऱ्यानं इंजिनाची बनावट लिहाव, हॉर्सपॉवर लिहाव, वस्तूचं नाव लिहाव. मग त्याले तेच एक पान दाखवजो."

"सगळी यादी समोर नाई द्यायची?"

"यादी दिली का मानूस भटकते. विचारलं का बरोबर वस्तू भेटते."

दिपालीला ते पटलं. पहिल्या पानावर तीन रिकामे चौकोन आणि एक बटण आलं. मागे आठशे चाळीस पानं रांगेत उभी आणि पुढे फळी.

जुलै संपला. प्रभाकरराव रोज क्लासमध्ये जाऊन विचारायचे, "किती आले?" एकदा दिपालीनं खरं सांगून टाकलं. आतापर्यंत अकरा माणसं आली होती. त्यांपैकी नऊ वेळा ती स्वतः होती आणि दोन वेळा धीरज. सुलोचनाबाईंनी घरी हे ऐकलं आणि पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "दुकानात निदान माशा तरी येत होत्या."

पोळ्याला सहा आठवडे उरले होते. एका दुपारी दिपाली सायकल दामटत दुकानावर आली. ती काउंटरवर दोन्ही हात टेकून धापा टाकत होती.

"मोठेबाबा, गूगलले आपली किती पानं माहीत हायेत, सांगा."

"आठशे चाळीस."

"एक."

प्रभाकररावांनी चष्मा काढला. दिपाली सांगू लागली. गूगल आपला एक वाचक सगळीकडे पाठवते. माणूस नाही, यंत्रच. ते एका पानावर येते, तिथली लिंक धरून दुसऱ्या पानावर जाते, तिथून तिसऱ्या. जे वाचलं ते आपल्या वहीत टिपून ठेवते. लोक शोधतात तेव्हा ती वहीच उघडते. आपल्याकडे ते एकोणीस वेळा येऊन गेलं. पण समोर रिकामे चौकोन दिसले, पुढे जायला लिंक नाही, म्हणून काउंटरपासून परत गेलं.

"एकोनीस खेपा आलं? मंग काय पाहिजे ते बोललं काऊन नाई?"

"त्याले मागता येतच नाई, मोठेबाबा. त्याले फक्त चालता येते. वाट असन तिथंच पाय टाकते."

प्रभाकररावांची नजर फळीवर गेली. चूक दिपालीची नव्हती, यंत्राचीही नव्हती. आयुष्यभराची शिस्त त्यांनी जशीच्या तशी तिथं नेऊन ठेवली होती आणि तिनंच दार लावलं होतं. मग त्यांनी फळी उचलली.

"ये आत."

दिपाली दचकली. लहानपणापासून ती या दुकानात येत होती, पण आत कधी गेली नव्हती. आत दिवा लागला आणि ती दारातच थांबली. पाच उभ्या रांगा होत्या. राजकोटी, कोल्हापुरी, आग्र्याची, अशी एकेका बनावटीची एकेक रांग. रांगेत हॉर्सपॉवरप्रमाणे कप्पे, कप्प्यात भागांप्रमाणे डबे.

"मी रस्ताभर डोकं फोडत आली, का पानं कशी लावू," ती म्हणाली. "आन हे इथं सारं तयार हाय."

तिथंच खोक्यावर बसून दोघांनी आराखडा काढला. पहिल्या पानावर पाच बनावटी. बनावटीवर बोट ठेवलं की हॉर्सपॉवर, हॉर्सपॉवरवर ठेवलं की भाग. कोणत्याही वस्तूपाशी तीन पावलांत पोहोचता यायला हवं. दिपालीनं सांगितलं, "लिंकवर 'इथे दाबा' असं नाई लिहायचं, वस्तूचं नावच लिहायचं. म्हणजे पुढं काय हाय ते त्या यंत्राले आधीच समजते."

"बरोबरच हाय ना. डब्यावर 'डबा' लिहून काय फायदा?"

खरी गंमत त्याच्या पुढे होती. पानांना आडव्या वाटाही हव्यात, एका वस्तूवरून तिच्या सोबतीच्या वस्तूकडे नेणाऱ्या, असं दिपाली म्हणाली, आणि प्रभाकररावांचे डोळे चमकले. पिस्टन गेला की रिंगा बदलाव्याच लागतात. रिंगा बदलल्या आणि लायनर झिजलेला असला, तर महिन्यात माणूस परत येतो. नोझल नेणाऱ्याला व्हॉल्व्ह आणि गॅस्केट विचारायचंच असतं. ही सोयरीक कोणत्याही पुस्तकात नव्हती, एका डोक्यात होती. ते सांगत गेले आणि दिपालीचे हात पुरेनात. घरी जेवतानाही त्यांचं तेच चालू असे. सुलोचनाबाईंनी विचारलं, "वांग्यात मीठ कसं झालं?" तर ते म्हणाले, "साडेसहाचं."

"आता मले बी एक पान काढून द्या," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तवा तरी लक्ष जाईन."

उत्साहात त्यांचा एकदा तोल गेला. नोझलच्या पानावर त्यांनी सत्तर वस्तू जोडायला लावल्या. दिपालीनं कीबोर्डवरून हात काढले. "सगळ्याशी सगळं जोडलं, तर कोनाले काय समजन?" प्रभाकरराव विचारात पडले. रिंगा मागणाऱ्यासमोर आपण कधी विहिरीतल्या पाइपाचा फुटव्हॉल्व्ह ठेवला नाही, हे त्यांना आठवलं, आणि सत्तरांतल्या पाच ठेवून बाकी त्यांनीच काढायला लावल्या. ज्या बारा वस्तूंसाठी सर्वांत जास्त लोक यायचे, त्यांना मात्र थेट पहिल्या पानावर जागा मिळाली.

या जोडाजोडीत त्रेसष्ट डबे उरले. त्यांच्या सोबतीचा एकही भाग दुकानात नव्हता. त्यांच्याकडे नेणारी वाट नाही आणि त्यांच्यापासून निघणारीही नाही. प्रभाकररावांनी ते एका कोपऱ्यात रचून ठेवले.

ऑगस्टमध्ये गूगलची वही भरू लागली. एकाची चौदा पानं झाली, मग शहाण्णव, मग तीनशे अठ्ठ्याऐंशी. प्रभाकरराव रोज दुपारी आकडा ऐकायला यायचे आणि येताना चालण्याऐवजी जवळजवळ पळायचे. सातशे सत्तर झाली त्या दिवशी त्यांनी क्लासमधल्या सगळ्या पोरींना आलुबोंडे खाऊ घातले. पण वहीतली पानं म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

पोळा आला. बाजार बंद होता. बैलांच्या शिंगांना रंग लागले होते, बैल जिथं जमतात त्या गावच्या तोरणाकडे माणसं निघाली होती. प्रभाकरराव पुरण खाऊन सरळ दुकानात आले आणि टेलिफोनजवळ बसले. सुलोचनाबाई मागोमाग आल्या.

"आज सणाचं कोन फोन करते? चला घरी."

"दिवस मावळला नाई अजून."

त्या स्टूल ओढून बाजूला बसल्या. साडेचार वाजले, पाच वाजले. तोरण तुटल्याचा गलका बाजारापर्यंत आला आणि त्या गलक्यातच फोन वाजला. प्रभाकररावांनी एका कानावर हात ठेवला.

"गुल्हाने मशिनरी? भागलपुर से बोल रहा हूँ. नाव चलाता हूँ, गंगा पर. आग्रावाला इंजन है, आठ का. नोझल मिलेगा?"

"मिलेगा. हमारा पता किसने दिया?"

"किसी ने नहीं. भतीजे ने इंटरनेट पर नोझल खोजा. उसी पन्ने पर नीचे वॉल्व लिखा था, वॉल्व के पन्ने पर गास्केट. तीनों हैं क्या? बारह दिन से नाव खड़ी है."

"तीनों हैं," प्रभाकरराव म्हणाले. त्यांनी पत्ता दोनदा लिहून घेतला. नुसतं नोझल मागायला निघालेला माणूस त्यांनी आखलेल्या वाटेनं एकेक पाऊल टाकत तीन डब्यांपर्यंत आला होता, आणि त्या वेळी काउंटरवर कोणीही उभं नव्हतं.

धीरजला फोन त्यांनी स्वतः लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, पण एकच गिऱ्हाईक."

"शब्द एकाचाच होता."

"हो, होता." मग पलीकडून हसणं आलं. "मला त्या साइटचं नाव परत सांगा. ऑफिसात दाखवतो."

तिसऱ्या दिवशी मोतीलालचा ट्रक आलाच. धीरजचा निरोप त्याला उशिरा मिळाला होता. रिकाम्या ट्रकाकडे पाहून तो कुरकुरला, "खेप फुकट गेली ना, भाऊजी."

"फुकट नाई जात," प्रभाकरराव म्हणाले आणि कोपऱ्यातले त्रेसष्ट डबे त्यांनी स्वतः उचलून दिले. मोतीलालनं एक डबा उघडून आतला पुशरॉड, व्हॉल्व्ह उचलणारी लांब दांडी, उलटसुलट केला.

"एवढ्यातून हेच काऊन काढले?"

"याहिले कोनाशी जोडता नाई आलं. याच्यासोबतचं काही उरलं नाई जगात."

"जगाचं मले माहीत नाई," मोतीलाल म्हणाला. "पन अशी लांब दांडीची दोन आख्खी इंजिनं माह्या वखारीत पडली हायेत. उद्याच फोडनार होतो."

प्रभाकररावांनी त्याच्या हातातून तो पुशरॉड काढून घेतला, डोळ्यांजवळ नेऊन त्यावरचा शिक्का वाचला आणि ड्रायव्हरशेजारचं दार उघडून ट्रकात चढून बसले.

"चाल, मोतीलाल. दाखव मले. आन ऐकलं का, दिपालीले सांगा, याहिले सोबत भेटली, आनखी पानं वाढनार हायेत."

"अहो, जेवून तर जा," सुलोचनाबाई दुकानाच्या पायरीवरून म्हणाल्या, पण तोवर ट्रक वर्ध्याच्या रस्त्याला लागला होता.