पावलाकच्या टाकीतला आकडा

एर्विन पावलाकला रंग धड ओळखता येत नाहीत. तरी जर्मनीतल्या बोट्रोपमधल्या माझ्या शोभेच्या माशांच्या दुकानातून तो बावीस वर्षं पाण्याचा पीएच तपासायचे थेंब न्यायचा. त्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पोवळी आहेत. नळीतल्या पाण्याचा रंग बघून त्याची बायको इर्मी वहीत लिहायची, आठ पूर्णांक एक.

ऑक्टोबरात इर्मी गेली. मग तो पीएचचा आकडा दाखवणारा मॉनिटर घ्यायला आला. मी पेनासारखा स्वस्त दाखवला.

"रोज बुडवा, रोज धुवा, कोण करणार? टाकीपाशी सतत चालू राहील असा दे. मोठ्या आकड्यांचा. घरात काहीतरी हललेलं दिसू दे."

आठवड्याने तो यंत्र काखेत मारून परत. "आठ पूर्णांक तीनच्या खाली येतच नाही. काय गळ्यात मारलंस?"

मी त्याच्यासमोर तपासून दिलं, अगदी बरोबर होतं. पण हा हट्टी. दुसऱ्या कंपनीचं घेऊन गेला. त्यावरही तोच आकडा.

तिसऱ्यांदा आला तो रिकाम्या हाताने. "गुद्रुन, खरं सांग. इर्मी मला बरं वाटावं म्हणून मनचेच आकडे लिहायची का?"

माझं तोंड फटकळ आहे, पण तेव्हा नुसतं "येऊन बघते" म्हणाले. बुधवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा त्याच्या घरी गेले. थंडी होती, खिडक्या लावलेल्या. त्याने गॅसवर कॉफीचं पाणी ठेवलं. "महिन्याने पेटला," म्हणाला. एरवी पाव आणि सॉसेजवरच भागवतो. मी अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढत बसले. दोन तासांनी त्याची नजर टाकीकडे गेली.

"आठ पूर्णांक दोन! बघ, बिघडलं."

"काही बिघडलेलं नाही. बंद खोलीत माणसं श्वास सोडतात, गॅस जळतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि आकडा खाली येतो. इर्मी होती तेव्हा इथे तुम्ही दोघं होतात, ती स्वयंपाक करायची. तिने बरोबरच लिहिलं होतं, एर्विन."

मला वाटलं, आता तरी सुटला बिचारा. मी कोट घ्यायला उठले.

"बस ना," तो म्हणाला. "तू गेलीस की आकडा परत वर चढेल."