कोरडा खडू

भूजल खात्याचा मोजणीवाला काल आमच्या विहिरीवर आला. नेहमीसारखा टेपच्या टोकाला खडू फासून त्याने टेप आत सोडला. खडू भिजला की पाणी लागलं. काल तो कोरडाच वर आला.

“कोरडी लिहिणार?” आईने विचारलं.

“लिहावं लागेल, काकू.”

खालचं पाणी साऱ्या शिवाराचं एकच, हे तो दर खेपेला सांगायचा. आम्ही माना डोलवायचो आणि नवी बोअर मारायचो. आमच्याच दोन आहेत. जे दिसत नाही, ते संपताना तरी कुठे दिसतं?

इथलं पाणी प्यायल्याशिवाय तो कधी गेला नव्हता. आईने तांब्या पुढे केला, टँकरच्या पाण्याचा.

“तहान नाही, काकू,” तो म्हणाला.

भर उन्हात चालत आला होता. ओठ पार सुकले होते त्याचे.