पहिल्या नंबरावरचं कॉलेज

बाबांचा फोन आला तेव्हा मी जासईच्या कंटेनर यार्डातल्या ऑफिसात एका न सापडणाऱ्या कंटेनरचा माग काढत होते. ‘आत्या गेली,’ बाबा म्हणाले, आणि जरा थांबून, ‘तू ये, पन घाई नको करू. आता घाई करून काय…’ घाई करता आलीही नसती. यार्डाबाहेर ट्रेलरची रांग लागली होती आणि विचुंब्याला घरी पोचायला मला दोन तास लागले. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मध्ये माझी स्कूटी. त्या दोन तासांत मला रडू आलं नाही, राग आला. दहाव्याला तिच्या मुली आल्या. नाशिकहून, पुण्याहून, एक तर हैदराबादहून विमानाने. ज्यांना ज्यांना तिने शिकायला लांब पाठवलं होतं त्या सगळ्या आपापल्या गावांहून आल्या, आणि मी स्वयंपाकघरातून त्यांच्यासाठी चहा घेऊन बाहेर आले. मला कुठून यायचंच नव्हतं.

मालूआत्या बाबांची थोरली बहीण. पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात ती क्लार्क होती. निवृत्त झाली तरी तिचं ऑफिस सुटलं नाही, ते फक्त आमच्या घरी आलं. मी सहा वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून मला तिनेच वाढवलं. तिचं स्वतःचं लग्न झालं नाही. तरुणपणी अलिबागच्या कॉलेजात तिचं नाव लागलं होतं, पण आजोबा म्हणाले, पोरगी संध्याकाळी घरात दिसली पाहिजे. मग ती रोज संध्याकाळी घरात दिसत राहिली, आजोबा गेल्यानंतरही. हे ती हसत सांगायची, आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही.

बारावीचा निकाल लागला की आमच्या ओट्यावर मुली आणि त्यांच्या आया जमायच्या. आत्या जाहिराती, माहितीपत्रकं बाजूला ठेवायला सांगायची. कॉलेज डोळ्यांनी बघून यायचं, आणि तेही साध्या मंगळवारी-बुधवारी. ज्या दिवशी कॉलेजवाले आपल्याला बोलावतात त्या दिवशी मुळीच नाही. ‘बघायच्या दिवशी नवरी पन गोरीच दिसते,’ ती म्हणायची. जवळच्या कॉलेजांना ती स्वतः मुलींना घेऊन जाई. आत शिरल्यावर प्रिन्सिपलच्या केबिनकडे न जाता आधी मुलींच्या संडासात जाऊन नळ सोडून बघायची. मग लायब्ररीत चारदोन पुस्तकं काढून त्यांवरच्या तारखा बघायची, शेवटचं पुस्तक कधी बाहेर गेलं होतं ते कळायला. मग कँटीनमध्ये चहा. सकाळी अकराला कँटीन भरलेलं असलं तर आत्या कप खाली ठेवून उठायची. ‘हितं तास होत नाय. चला.’ एका कॉलेजात प्रयोगशाळेतल्या यंत्राचं प्लास्टिकचं कव्हर तिने उचललं, तर खाली यंत्र आलं त्या दिवसाची कंपनीची चिठ्ठी अजून तशीच चिकटलेली होती. ते दाखवणारे सर भलतेच ओशाळले. आत्या त्यांना म्हणाली, ‘जपून वापरता हां तुमी.’

प्रवेश झाला की पहिल्या वर्षाची तयारी. ओरिजनल कागद कुणालाही पोचपावतीशिवाय द्यायचे नाहीत. जर्नल दर शनिवारी पुरं करायचं, कारण शेवटच्या आठवड्यात सगळा वर्ग एकच वही शोधत असतो. होस्टेलला सुकट न्यायची तर दोन पिशव्यांत बांधून, आणि रूममेटचा स्वभाव कळेपर्यंत गाठ सोडायची नाही. पहिल्या महिन्यात रडू येतं, ते जेवण बदलल्यामुळे येतं, मनावर घ्यायचं नाही. आमच्या मुलींना सगळ्यात जास्त भीती असायची ती इंग्रजीची. त्यांना ती सांगायची, ‘इंग्रजी येत नाय म्हनून मागच्या बाकावर नको बसू. मागं बसलीस तर कदीच यायची नाय.’

पण तिचा सगळा जीव असायचा तो पसंतीक्रमात. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला कॉलेजांची यादी क्रमाने भरावी लागते. पहिल्या नंबरावर लिहिलेलं कॉलेज मिळालं की विषय संपला, ती जागा पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांतून आपण बाद. आमच्याकडचे लोक हमखास एक चूक करतात. काहीच नाही मिळालं तर, या धास्तीने घराजवळचं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकतात आणि खरं हवं असलेलं खाली. मग मार्क असूनही मुलगी घराजवळ अडकते. आत्या ओट्यावर बसून प्रत्येकीच्या आईला घसा फोडून सांगायची, ‘पहिल्या नंबरावर जे लिवाल त्याच्याशी लगीन लागलं. मना नको होता म्हनून मग सांगून भागत नाय.’ हा नियम तिच्याइतका पक्का दुसऱ्या कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. हे मुद्दाम सांगते आहे.

माझ्या वर्षी आम्ही दोघी होतो, मी आणि समीना. समीना पनवेलच्या मोहल्ल्यातली, तिचे अब्बा कुवेतला, घरात अम्मी आणि आजी. दोघींनाही सांगलीचं सरकारमान्य जुनं कॉलेज हवं होतं. आम्ही ते पाहिलेलंही नव्हतं, पण तिथल्या होस्टेलच्या गच्चीवर कोण कुठे झोपणार हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. समीनाची अम्मी तयार नव्हती. आत्या तीन दुपारी त्यांच्या घरी जाऊन बसली. तिसऱ्या दुपारी मीही बरोबर होते. अम्मी म्हणाली, ‘आत्या, जमाना खराब आहे. मला फिकर लागून राहील.’ आत्या म्हणाली, ‘फिकर तर लागनारच. घरात ठेवलीस तरी लागल. मंग शिकू दे की तिला.’ अम्मी रडली आणि हो म्हणाली. मला त्या दिवशी आत्याचा एवढा अभिमान वाटला…

घरचं नेट बंद होतं म्हणून माझा फॉर्म आत्याने तिच्या कॉलेजच्या ऑफिसातून भरला, तेव्हा ती नोकरीत होती. मी यादी कागदावर लिहून दिली होती, वर सांगली, मग आणखी दोन, आणि चौथं घरापासून वीस मिनिटांवरचं. पासवर्डही त्याच कागदावर. पहिली फेरी लागली तेव्हा समीनाला सांगली मिळालं. मला घराजवळचं मिळालं, आणि त्यापुढे लिहिलं होतं, पसंती क्रमांक एक. मार्क माझे समीनापेक्षा जास्त होते. आत्या स्क्रीनकडे बघत म्हणाली, ‘हातून चुकी झाली गो. वरचा खाली गेला.’ बाबा म्हणाले, ‘जाऊ दे, जवळ हाय ते बरं.’ मी आत्याच्या तोंडाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मला तेव्हाच कळलं, आणि मी काही बोलले नाही.

त्यानंतरची चार वर्षं कशी सांगू? छळ असता तर सोपं गेलं असतं. डबा गरम असायचा. सीनियर मुलीकडून तिने माझ्यासाठी ड्रॉइंगचा ड्राफ्टर आणि वर्कशॉपचा एप्रन आधीच आणून ठेवला होता. परीक्षेच्या दिवसांत ती माझ्याआधी उठायची. घरी यायला उशीर झाला की ओट्यावर उभी दिसायची, आणि तिला लांबूनच बघून मी पावलं मुद्दाम सावकाश टाकायचे. कर्नाळ्याला वर्गाची सहल गेली तेव्हा तिने चार वेळा फोन केला. कर्नाळा आमच्यापासून जेमतेम अर्ध्या तासावर! मुली हसल्या, मीही हसले. समीनाचे फोटो यायचे, कृष्णेच्या घाटावरचे, मेसच्या रांगेतले. मी ते आत्याला दाखवायचे, मुद्दाम दाखवायचे. ती चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून बघायची आणि म्हणायची, ‘बारीक झाली पोरगी.’ तिच्यावर धड रागावता येत नव्हतं आणि राग जातही नव्हता. एकाच घरात, एकाच ताटलीतली भाकरी मोडत, आम्ही दोघी ते गिळून बसलो होतो.

डिग्री झाल्यावर मला कोल्हापूरच्या एका कारखान्यातून नोकरीचं पत्र आलं. आत्याच तेव्हा म्हणाली, ‘जा.’ अगदी साधं, वळून न बघता. मी म्हणाले, तुझं बीपी, तुझे गुडघे, बाबांचं जेवण. आठवडाभर मी कारणं सांगत राहिले, ती ऐकत राहिली. मग मी जासईची नोकरी धरली. सगळ्यांना सांगितलं, आत्याला सोडून कशी जाऊ. लोकांनी माझं कौतुक केलं. ते कौतुक मी सहा वर्षं खाल्लं.

शेवटच्या महिन्यात तिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका रविवारी दुपारी मी तिचे पाय चेपत होते, तर डोळे मिटूनच म्हणाली, ‘तो फॉर्म मीच वर-खाली केलता.’

‘माहीत आहे मला.’

‘मना येकटी राहायचा नव्हता.’ तिने डोळे उघडले. ‘माहीत होता तर भांडली का नाय? आनि मागनं जा बोल्ली, तवा का नाय गेली?’

मी पाय चेपत राहिले. इतकी वर्षं तिला माफ करायचं की नाही हे मी ठरवणार होते, आणि तिने तर मलाच प्रश्न विचारला होता. पुढच्या गुरुवारी ती गेली. उत्तर द्यायचं राहिलं, असं म्हणायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. उत्तर होतं माझ्याकडे. मला लाज वाटली.

पाच आठवडे झाले. तिच्या खोलीत मी अजून काही हलवलेलं नाही. पलंगाखाली कॉलेजांचे जुने कागद, खिडकीशी तिचं टेबल, टेबलाला लागून एकच खुर्ची, कारण समोरच्याने पलंगावर बसायचं असा रिवाज होता. गेल्या शनिवारी समीनाची चाची आणि तिची मुलगी अर्फा आल्या. समीनानेच पाठवलं होतं, आत्या नाही तर दर्शनाला, म्हणजे मला, विचारा म्हणून. दोघी सवयीने पलंगावर बसल्या आणि मी उभीच राहिले. मग खुर्चीवर बसले. अर्फाने लॅपटॉप उघडून यादी दाखवली. पहिल्या नंबरावर घरापासून वीस मिनिटांवरचं. दुसऱ्यावर सांगली.

मी नियम समजावून सांगितला. अर्फाला तो माहीत होता. तिने आईकडे बघितलं, मग मला विचारलं, ‘ताई, तुम्ही त्या पहिल्यावाल्यातच होतात ना? तुमची तीच चॉइस होती?’

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. माझ्या आत्याने बदललं, हे एक वाक्य. दहा वर्षं मी ते मनातल्या मनात घोटलं आहे, आणि खोटं ठरवायला आता कुणी नव्हतंही.

‘नव्हती,’ मी म्हणाले. ‘पण नंतर जायला मिळत होतं तेव्हा मीच गेले नाही. घाबरले.’

अर्फाने लॅपटॉप मांडीवर ओढला आणि सांगली वर घेतलं. चाचीचा हात तिच्या मनगटापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. ‘इतक्या लांब,’ ती मला म्हणाली, ‘माझी एकटी पोर, दर्शना… सोडायला तरी कोण जाणार? हिचे अब्बा तिकडे कतारला.’

‘मी येते,’ मी म्हणाले. ‘मीही सांगली अजून पाहिलेली नाही.’