भागीरथा मावशीची अर्धी शपथ

मानेवाड्याच्या त्या वस्तीत भागीरथा मावशीला ओळखत नाही असं घर नाही, पण रस्त्यात तिला ओळख देणाऱ्या बाया मोजक्याच. यात बायांचा दोष नाही, नियम मावशीचाच आहे. डॉक्टर अरुंधतीबाईंच्या प्रसूतिगृहात तिनं चौतीस वर्षं आया म्हणून काढली आणि पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट पक्की करून टाकली: दवाखान्यात पाहिलेली बाई बाहेर भेटली, तर ती आधी हसल्याशिवाय आपण हसायचं नाही. बाळंत होऊन पेढे वाटत गेलेल्या लांबूनच हसतात. ज्या रिकाम्या हातानं, रिक्षात मागे रेलून घरी गेल्या, त्या भाजीच्या गाड्यावर शेजारी उभ्या राहतात आणि मन लावून कोथिंबीर निवडतात. मावशीही मग कोथिंबीरच पाहते.

नवरा रुपराव होता तेव्हा रोज संध्याकाळी विचारायचा, ‘‘आज कोण कोण आलं होतं वं दवाखान्यात?’’

‘‘बाया,’’ मावशी सांगायची.

चौतीस वर्षं हेच उत्तर ऐकून तो बिचारा वर गेला. तिथं तरी त्याला कोणी यादी वाचून दाखवली असेल तर बरं.

मावशी देवाधर्माची बाई. गुरुवारचा उपास, दत्ताच्या आरतीला पहिल्या रांगेत बसायची जागा ठरलेली. दवाखान्यात कुणाचं पोट रिकामं केलं, की त्या दिवशी घरी येऊन ती डोक्यावरून आंघोळ करायची आणि देवाजवळ दिवा लावायची नाही. असं सुतक तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणीतरी पाळलं पाहिजे, एवढंच तिला वाटायचं. दिवा न लावता देवासमोर उभी राहून ती हिशोब मिटवून टाकायची, ‘‘देवा, पाप असन तर डॉक्टरीणबाईच्या अन् माह्या नावावर अर्धं अर्धं लिही. नसन तर उद्या सकाळी भेटू.’’

एका बाबतीत मात्र ती कुणाच्या बापाला ऐकायची नाही. कुठून तरी चोरून तपासणी करून, पोटात मुलगी आहे म्हणून सुनेला घेऊन येणाऱ्या सासवांना अरुंधतीबाई दारातूनच परत पाठवायच्या, आणि मावशी त्यांना जिना उतरवून देताना पायरीगणिक एक शिवी द्यायची. जिना एकवीस पायऱ्यांचा होता.

तर अशा या मावशीच्या घरी, दत्तजयंतीच्या सप्ताहात, महिला मंडळाच्या अध्यक्ष चारुलताबाई एका सकाळी पिवळा छापील कागद घेऊन आल्या. सुमंतशास्त्री म्हणून एक तरुण प्रवचनकार सप्ताहाला आले होते. त्यांचं गुरुवारचं प्रवचन गर्भहत्येच्या पापावर होतं, आणि प्रवचनानंतर वस्तीतल्या सगळ्या बायांनी हातावर पाणी घेऊन, ते ताम्हनात सोडून शपथ घ्यायची होती. शपथेची तीन कलमं होती. मुलगी म्हणून गर्भ पाडणार नाही. कुठल्याही कारणानं पाडणार नाही, घरात कुणाला पाडू देणार नाही. आणि पाडणाऱ्या घरचं पाणी पिणार नाही.

‘‘तिसरं कलम माझं आहे,’’ चारुलताबाई संकोचानं म्हणाल्या, पण संकोच फार वेळ टिकला नाही. ‘‘आणि भागीरथाबाई, पहिली शपथ तुमची. तुम्ही तर सगळं डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही उठलात की बाकीच्या आपोआप उठतील.’’

चहा घेऊन आलेली सून मिनल तिथंच उभी होती. तिनं ट्रे टेकवला आणि गॅलरीत निघून गेली.

मावशीला पंधरा दिवसांपासून माहीत होतं. मिनलला पहिला मुलगा पाच वर्षांचा, दुसरी पोर अकरा महिन्यांची, अजून अंगावर पिणारी. सकाळी शाळेत शिकवायला जायचं, आल्यावर दोघांचं करायचं. मुलगा अमोल मिहानमधल्या कंपनीत पाळ्यांची नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात झोपायचा. या सगळ्यात मिनलला पुन्हा दिवस गेले होते. नवराबायकोची कुजबुज चालायची, ‘शुक्रवारी’ हा शब्द दोनदा कानावर आला होता, आणि शुक्रवारी शाळेत जास्तीचं काम असल्याचं मिनलनं आधीच सांगून ठेवलं होतं. कायद्यानं तिची एकटीची सही पुरत होती. सासूची लागत नव्हती. पण सासू गुरुवारी दत्तासमोर शपथ घेणार, आणि शुक्रवारी सून त्याच घरातून दवाखान्यात जाणार! पोरगी आतून पार हादरली होती. हसणं तर सोडाच, सासूच्या डोळ्याला डोळा देईना.

मावशीच्या जिवाला फार लागलं. आपल्याला माहीत आहे, असं सुनेला सांगून टाकावं, असं तिला दहादा वाटलं. पण नियम नियम होता. बाई स्वतः बोलेपर्यंत आपल्याला काही माहीत नसतं. घरातली बाई झाली म्हणून नियम सैल करायचा, तर बाहेरच्या बायांनी काय पाप केलं होतं?

गुरुवारी देवळाच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. चारुलताबाईंचे मिस्टर वसंतराव माईक सांभाळत होते. मिनल मागे खांबाजवळ पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. शास्त्रीबुवा बोलले मात्र छान. गळा गोड, मनात कपट नाही. दोन बायांचे डोळेही पुसून झाले. मग ताम्हन पुढे आलं आणि चारुलताबाईंनी मावशीचं नाव पुकारलं.

मावशी उठली. वीस वर्षं ज्या देवासमोर पहिल्या रांगेत बसली, त्याच्यासमोर आज तिला भीती वाटत होती. तिनं ओंजळ पुढे केली. शास्त्रीबुवांनी पळीभर पाणी घातलं.

‘‘महाराज, एक विचारू का? चौतीस वर्षांपासून विचाराचं राहून राहिलं.’’

‘‘विचारा नं, आजी.’’

‘‘तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला, तं सुतक किती दिवसाचं?’’

शास्त्रीबुवा खूश झाले. शास्त्रातला प्रश्न त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी विचारला नव्हता. ‘‘आईला तीन रात्री. चौथ्या महिन्यात गेला तर चार.’’

‘‘अन् बापाले?’’

‘‘बापाला...’’ शास्त्रीबुवा जरा अडखळले. ‘‘बापाची शुद्धी स्नानानं होते.’’

‘‘म्हणजे एक आंघोळ?’’

‘‘एक आंघोळ.’’

सभागृहात मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. वसंतरावांनी माईकचं बटण उगाच चाचपून पाहिलं.

‘‘पण आजी, हे आपोआप गेलेल्याचं आहे,’’ शास्त्रीबुवांनी घाईनं सावरलं. ‘‘मुद्दाम पाडलेल्याला प्रायश्चित्त आहे.’’

‘‘असन, महाराज. पण मी फडके धुतले हायेत. बाईच्या अंगातून रक्त दोन्ही खेपेले सारखंच जाते. तीन दिवस निजून राहाची गरज दोघींलेही.’’ ओंजळीतलं पाणी बोटांतून गळायला लागलं होतं. मावशीनं बोटं आवळली. ‘‘आता शपथ घेते. पोटात पोरगी हाय म्हणून पाडू देणार नाही. हे मी आतापर्यंत पाळलं, मरेस्तोवर पाळन.’’ आणि तिनं पाणी ताम्हनात सोडून दिलं.

‘‘अजून दोन कलमं आहेत,’’ चारुलताबाई कुजबुजल्या, पण माईक चालू होता.

‘‘दुसरं मी घेऊ शकत नाही, बाई. कोणती बाई कोणत्या अडचणीत दवाखान्याचा जिना चढते, हे मी पाहिलं हाय. देवानंही पाहिलं असन. त्याचं अन् तिचं ते पाहून घेतीन, मी मधात काहून येऊ?’’ मावशीनं पदर सारखा केला. ‘‘अन् तिसरं कलम घेतलं, तं मले या वस्तीत तहानेनं मरा लागन.’’

बाहेर चपला सांभाळणाऱ्या माणसानंही आत डोकावून पाहिलं. मावशी कुणाकडेच पाहत नव्हती. तिची नजर कलशावरच्या नारळावर होती. तेवढ्यानं काय व्हायचं ते झालं. निम्म्या सभागृहाला वाटलं, आपल्यालाच बोलली.

‘‘हे तुम्ही कोणाबद्दल बोलताय, भागीरथाबाई?’’ चारुलताबाईंचा आवाज जरा चिरकला.

‘‘कोणाबद्दलच नाही. मले कोणी दिसतच नाही बाप्पा, मोतीबिंदू हाय.’’

चारुलताबाईंनी घाईनं पुढचं नाव पुकारलं. त्या या वस्तीत एकोणतीस वर्षं राहतात, आणि भाजीच्या गाड्यावर कोथिंबीर फार निवडून घेतात. यापेक्षा जास्त मीही सांगणार नाही.

पुढे बाया रांगेनं उठल्या. पहिलीनं शास्त्रीबुवांना हळूच विचारलं, ‘‘मले मावशीची शपथ चालन का?’’ तिच्या मागच्या म्हणाल्या, आम्हालेही तीच. शास्त्रीबुवांनी पिवळ्या कागदाकडे पाहिलं, ताम्हनाकडे पाहिलं, आणि मुकाट पळी भरत राहिले. एकट्या इंदूबाईंनी तिन्ही कलमांची पूर्ण शपथ घेतली, अगदी मनापासून. त्यांचे पाच गर्भ आपोआप गेले होते आणि मांडी शेवटपर्यंत रिकामी राहिली होती. त्यांच्या ओंजळीतलं पाणी बाहेर सांडायला लागलं, तेव्हा मावशी परत उठली आणि दोन्ही हातांनी ताम्हन त्यांच्या हाताखाली धरलं.

घरी आल्यावर मिनलनं पोरीला झोपवलं, चहा केला, दोन कप घेऊन सासूसमोर बसली. ती कपाच्या कानाशी खेळत राहिली. मग तिनं वर पाहिलं आणि रडता रडता हसली.

‘‘आई, उद्या मी शाळेत जाऊन नाही राहिली.’’

‘‘हो.’’

‘‘तुम्हाले माहीत हाय?’’

‘‘हिंगाच्या फोडणीले तू गॅलरीत पळून राहिली, तवापासून.’’

‘‘मंग बोलल्या काहून नाही?’’

‘‘तू हसली काहून नाही?’’ मावशी म्हणाली आणि पलंगाखालून कापडी थैली ओढून काढली. आत दोन धुतलेली जुनी मऊ पातळं, थर्मास, बिस्किटाचा पुडा आणि स्टीलचा पेला होता. थैली दहा दिवसांपासून भरून ठेवलेली होती. बिस्किटं मधल्या मधे मावशीनं एकदा खाऊन बदललीही होती.

शुक्रवारी दुपारी दोघी रिक्षानं परत आल्या. अमोलनं कंपनीतून सुटी घेतली होती. मावशीनं त्याला दारातच गाठलं आणि सुतकाचा निर्णय सुनावला. मिनलनं तीन रात्री स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही, शास्त्रात सांगितलं आहे.

‘‘पण आई, शास्त्रात बापाले फक्त आंघोळ सांगितली नं?’’ अमोलपर्यंत देवळातली बातमी पोचली होती.

‘‘मंग कर नं आंघोळ, बाबू. ओल्या डोक्यानं कणीक चांगली मळली जाते.’’

संध्याकाळी स्वयंपाकघरातून काहीतरी करपल्याचा वास येत होता आणि आतल्या खोलीत मिनल दोन्ही पोरांना कुशीत घेऊन गाढ झोपली होती. मावशीनं डोक्यावरून आंघोळ केली. देवाजवळ गेली, दिवा लावला नाही. नेहमीसारखी उभी राहिली.

‘‘देवा, या खेपेले अर्धं अर्धं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘पाप असन तं सगळं माह्या एकटीच्या नावावर लिही. पोरीच्या नावावर एक अक्षर लिहिलं तं पाह्यजो. अन् नसन, तं चौथ्या दिवशी सकाळी भेटू.’’