लॅबने न मोजलेली अळी

भुकूमच्या पुढे, पौड रस्त्यापासून जरा आत, कीटकनाशकं तपासायची एक खासगी लॅब होती. तिथे मी चार वर्षं अळ्या वाढवल्या आणि मारल्या. कपाशीच्या हिरव्या बोंडअळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी वाटी आणि वाटीत बेसनाचं खाद्य. कित्येक पिढ्यांत त्यांनी फवारा पाहिला नव्हता. वाट्या धुणाऱ्या मावशी धनगरवस्तीवरून यायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "म्याडम, ह्या लई लाडावल्यात. रानातली एखादी आना की. ह्या तर फुंकर मारली तरी मरत्यात."

ते मला लागलं. आम्ही तेव्हा जे औषध तपासत होतो, तेच वऱ्हाडात माझा धाकटा भाऊ कपाशीवर फवारत होता आणि अळी मरत नाही म्हणून फोनवर कुरकुरत होता. त्याच्याकडून अळ्या मागवल्या. शहाण्याने तीस अळ्या एकाच डब्यात कोंबून ट्रॅव्हल्सने पाठवल्या. पोचेपर्यंत सात उरल्या.

तेवढ्या पुरल्या. आमच्या अळीत हे औषध मज्जातंतूंमधलं एक एन्झाइम बंद पाडायचं, की ती थरथरून मरायची. भावाच्या चार अळ्यांना औषध लावलं, तर दुसऱ्या दिवशी त्या आरामात बेसन खात होत्या. उरलेल्या तीन बारीक वाटून तपासल्या. विष फोडून टाकणारं एन्झाइम त्यांच्यात कितीतरी जास्त होतं.

आकडे घेऊन साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बाहेरची अळी नियमात बसत नाही. फाइलला लावू नका." माझं डोकंच फिरलं. ज्या अळीसाठी माणूस औषध विकत घेतो, नेमकी तीच मोजायची नाही, हा कुठला नियम? अहवालात 'परिणामकारक' लिहिलं गेलं आणि खाली सही माझी. नोकरी टिकवायची होती. आकडे बाहेर सांगायचे नाहीत असं लिहून दिलं होतं, म्हणून भावालाही "बघते" म्हणून टोलवलं. साहेबांइतकाच माझाही मला संताप येतो.

भावाने तोंडाला नुसता रुमाल बांधून दुप्पट मात्रा फवारली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्याचे हात थरथरत होते, तोंडातून लाळ गळत होती. आमच्या अळीत औषध जे एन्झाइम बंद पाडायचं, त्याच जातीचं डॉक्टरांनी त्याच्या रक्तात मोजलं. ते जवळजवळ बंद पडलं होतं.

तीन दिवसांनी तो नीट बोलायला लागला. म्हणाला, "औषध कमीच पडलं असंल, ताई." तेव्हा मी सांगितलं, की कितीही मारलं तरी तुझी अळी मरणार नव्हती.

त्याने उशीवरून डोकं उचललं. मग म्हणाला, "हे तुले कवा मालूम झालं?"