आधीपासून चालू असलेले चार

शर्लिन प्रथम माझ्या लक्षात आली ती सातवीच्या वर्गात. मी पंख्याचं बटण बंद केलं, तर ही मान वर करून म्हणाली, "टीचर, अजून फिरतोय. आता ह्याला चालू म्हणायचं की बंद?" वर्ग हसला.

२००८ साली ती अंधेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नवीनच लागली होती. आमच्या वटार गावात त्यांच्या घरची वीज गेली की लॅपटॉप घेऊन माझ्याकडे यायची, कारण माझ्याकडे इन्व्हर्टर होता. एका रविवारी आली ती चहालाही हात लावेना. सोमवारी साहेबांना काम दाखवायचं होतं. नोकरी कायम होणार की जाणार, ते त्यावरच ठरणार होतं.

मी विचारलं म्हणून तिने समजावलं. त्यांच्या कंपनीचं, जावा या संगणकाच्या भाषेतलं सॉफ्टवेअर सुट्या भागांचं होतं. भाग आधी बसवायचा. त्याला लागणारे दुसरे भाग सापडले की तो तयार. मग तो सुरू होत असतो, चालू असतो, थांबत असतो. कोणता भाग कोणत्या अवस्थेत आहे यावर नजर ठेवणारा एक भाग शर्लिनने लिहिला होता. माझ्यासमोर तिने एक भाग थांबवून काढला, त्या जागी नवा बसवला. बाकीचे चालूच! पडद्यावर एकेक ओळ उमटत होती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. माझ्या जेवणाच्या टेबलावर, न दिसणारं काहीतरी उठत होतं, निजत होतं.

"मग अडलंय कुठे?"

"चार भाग चालू आहेत, टीचर. पण माझ्या पडद्यावर येतच नाहीत."

तेवढ्यात तिची आई, बर्था, दारात आली. चपला काढता काढताच म्हणाली, "आत कोन कोन बसलंय, टीचर?"

"तुमची लेकच आहे."

"हिला माझ्या हातचा चहा गोड लागत नाय वाटतं."

"इथलाही घेत नाही."

शर्लिन आईकडे बघतच राहिली. "मम्मी, तू आल्या आल्या विचारलंस ना, तसं माझा भाग विचारतच नाही! तो आल्यानंतर जे घडतं तेवढंच टिपतो. त्याच्या आधी जे चालू झाले, ते त्याला ठाऊकच नाहीत."

"काय बोलते ही?" बर्थाने मला विचारलं.

शर्लिनने काही ओळी लिहिल्या: आल्याबरोबर सगळ्यांची अवस्था विचार, आणि पुढेही नजर ठेव. सगळं पुन्हा सुरू केलं. चारही नावं वर आली, प्रत्येकापुढे 'चालू'.

साहेबांनी सोमवारी काम पाहिलं आणि महिनाअखेर ती कायम झाली. आता तिच्या हाताखाली सहा जण आहेत, आणि ती अजून वटारलाच राहते.