दुसरा कप मी मागवला होता

"ऊठ तिथून. आम्हांला बसायचंय."

बापूसाहेब हे मोठ्याने बोलले नाहीत. ज्या घरात मोठ्याने बोलावे लागत नाही, अशा घरातले ते होते. मुंबईत एका इराण्याच्या दुकानात मी संगमरवरी टेबलाशी बसलो होतो. पुढ्यात चहा आणि मस्का लावलेला पाव. टेबलाला चार खुर्च्या, त्यांतल्या तीन रिकाम्या. बापूसाहेब आणि त्यांचा पुतण्या अण्णा, अशी माणसे दोन. तरीही मी उठायला हवे होते.

या प्रसंगाची दुसरी एक हकीकत आमच्या देवासात वर्षानुवर्षे सांगितली जाते. ती अण्णा सांगतात. टपालकचेरीच्या ओट्यावर मंडळी जमली, की परगावच्या खाण्याचा विषय निघतो. कुणाला गिरगावातल्या खानावळीचे अळू आठवते, कुणाला इंदूरच्या सराफ्यातली रबडी. आमटीत गूळ किती असावा यावर सज्जन माणसे हमरीतुमरीवर येतात. मग अण्णा घसा साफ करतात. "अळू राहू द्या हो. मुंबईचं खरं कौतुक हे, की तिथे जात कोणी विचारत नाही. आमचा जीनगर आमच्याच टेबलाशी बसला होता. चहा असा आवडला त्याला, की दुसरा कप आम्हीच पाजला." धार गावी त्यांच्या सोयऱ्यांच्या मुंजीतही त्यांनी हेच सांगितल्याचे माझ्या कानी आले. पंगत हसली म्हणे. बापूसाहेबांच्या उदार मनाची वाहवा झाली.

ही हकीकत खोटी आहे. जो तिथे बसला होता, तो मी आहे. म्हणून आता माझे ऐकावे.

आम्ही घोड्यांची जिने शिवणारे. मराठी फौजांमागून आमचे पूर्वज माळव्यात आले. ज्या खोगिरांवर सरदार बसले ती आम्ही शिवली. पण चामड्यात हात घालतो म्हणून सरदारांच्या ओसरीवर आम्हांला बसता येत नसे. बापूसाहेब राजवाड्याच्या खासगीकडचे कामदार, म्हणजे कारभारी होते. बग्गीसाठी विलायती साज घ्यायचा ठरला. चामडे पारखायला माणूस हवा, म्हणून त्यांनी मला मुंबईस नेले. अण्णा तेव्हा मिसरूड फुटलेले, हौसेने आलेले.

पहिल्या दिवशी गिरगावातल्या एका खानावळीत गेलो. जात कोणी विचारत नाही म्हणतात ती हीच मुंबई. दारात मालक उभा होता. त्याने नाव विचारले, गाव विचारले, आणि मग तिसरी गोष्ट विचारली. मी तोंड उघडण्यापूर्वी बापूसाहेब म्हणाले, "आमच्याबरोबरचा आहे. मागे बसेल."

ते दोघे सोवळे नेसून आत पाटावर बसले. मला मागच्या चौकात, मोरीशेजारी पत्रावळ मिळाली. पळी पानाला लागू नये म्हणून वाढप्या उंचावरून अळू सोडत होता. शिंतोडे माझ्या धोतरावर उडाले. अळू चांगले होते की वाईट, यावर मला आजही मत देता येणार नाही. जेवण झाल्यावर वाढप्या म्हणाला, "पान उचल आणि शेण फिरव."

आतल्या लोकांची पाने नोकर उचलत होते. मी माझे पान उचलले. शेणाचा गोळा घेऊन जिथे बसलो होतो ती जागा सारवली. देवासात हे मी जन्मभर करीत आलो होतो. तिथे ते कधी जड गेले नव्हते. मुंबईत गेले. कारण मुंबई निराळी आहे, असे मी लहानपणापासून ऐकले होते, आणि ते सांगणारे लोक त्या वेळी आत पाटावर बसून ताक पीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच बाहेर पडलो. जिथे ती तिसरी गोष्ट विचारत नाहीत, अशी एखादी जागा या शहरात आहे का, एवढेच मला पाहायचे होते. कोपऱ्यावर इराण्याचे दुकान दिसले. सवयीने मी पायरीखाली थांबलो. गल्ल्यावरचा इराणी खेकसला, "चाय पीना है तो अंदर बैठो. रास्ता मत रोको."

त्याने काही माझा सन्मान केला नाही. तो सर्वांवरच खेकसत होता. पण सर्वांवर खेकसतात तसे माझ्यावर कोणी खेकसण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. मी आत जाऊन बसलो. चहा उत्तम होता. अण्णांच्या हकीकतीतली तेवढी एक गोष्ट मला मान्य आहे.

तेवढ्यात बापूसाहेब आणि अण्णा आले. मला शोधत नव्हे, इराण्याचा चहा पिऊन पाहायला. धारेच्या सोयऱ्यांना हे कळते, तर त्या दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले असते. म्हणून दारात थांबून त्यांनी आधी रस्ता न्याहाळला. माळव्याकडचा कोणी नव्हता. मग आत पाऊल टाकले, आणि माळव्याकडचा मी दिसलो.

इराण्याच्या कपाचा त्यांना विटाळ नव्हता. माझ्या खुर्चीचा होता.

"ऊठ तिथून. आम्हांला बसायचंय."

"चहा संपू द्या," मी म्हणालो.

अण्णा हसले. "अरे, बापूसाहेब उभे आहेत. कळतंय का तुला?"

मला कळत होते. कप रिकामा झाला तेव्हा हातातले शेण मला पुन्हा आठवले. मी गल्ल्याकडे पाहून म्हणालो, "एक और."

हा तो दुसरा कप. तो येईपर्यंत ते दोघे उभे होते. आला, तेव्हाही उभे होते. मी बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश प्यालो. बापूसाहेब पायऱ्या उतरले, मागून अण्णा. चहा त्यांनी घेतला नाही. मला पाजण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे काय झाले, हे अण्णा ओट्यावर सांगत नाहीत. मी देवासला परत येण्यापूर्वीच, ज्या सरकारी पागेत मी जिने शिवत असे, तिचे दार मला बंद झाले होते. देवासात तेव्हा रस्त्याच्या एका बाजूला एक राज्य आणि दुसऱ्या बाजूला दुसरे. मी रस्ता ओलांडला. तिथल्या कचेरीत बापूसाहेबांचे मेहुणे बसले होते. माझ्या वडिलांनी बापूसाहेबांच्या अंगणात पागोटे काढून ठेवले. "मुलाला रीत शिकवा," एवढेच उत्तर मिळाले. वडिलांनी मला पाय धरायला सांगितले. मी धरले नाहीत. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत, मरतानासुद्धा नाही. जिनावर वेलबुट्टी काढणारे माझे हात बदनावरच्या बाजारासाठी मोटा आणि बैलांचे पट्टे शिवत म्हातारे झाले.

आता अण्णांचा नातू मोटार-अड्ड्यासमोर हॉटेल काढतो आहे. मुंबईहून संगमरवरी टेबले आली आहेत. खुर्च्यांच्या चामडी बैठका माझ्या मुलाने शिवल्या. मागच्या वळचणीला खिळे ठोकून पत्र्याचे कप टांगले आहेत. ते आमच्यासाठी. पिऊन झाल्यावर आपला कप आपण विसळून पुन्हा खिळ्याला लावायचा.

परवा अण्णा स्वतः आमच्या अंगणात आले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला 'तुम्ही' म्हटले. "पहिल्या दिवशी पहिल्या टेबलाशी तुम्ही बसायचं. मी ती मुंबईची गोष्ट सांगणार आहे. आमच्या घरात भेद कधीच नव्हता, हे लोकांना कळू दे."

"आणि दुसऱ्या दिवशी कुठे बसू?" मी विचारले.

"दुसऱ्या दिवसाचं आत्ता कशाला काढता?" अण्णा म्हणाले, आणि काठी सावरत निघून गेले.

मुलगा मला समजावतो. "दादा, चुपचाप बसून या ना. गोष्टच तर आहे. इंदूरच्या हॉटेलांचं कामही ते मला देववणार आहेत." लहानपणी हीच गोष्ट तो शाळेत छाती काढून सांगत असे: माझे वडील साहेबांबरोबर टेबलाशी बसले होते. खरी गोष्ट मी त्याला अनेकदा सांगितली. त्याला अण्णांची अधिक आवडते. तिच्यात त्याच्या आजोबांचे पागोटे खाली उतरत नाही.

माझ्या बोलण्याने खिळे निघणार नाहीत, हे मी जाणतो. बापूसाहेब गेले. तो इराणीही कधीच गेला असेल. मला साक्षीदार नाही. अण्णांच्या बाजूने सारा ओटा आहे. माझे काम गेले तसे मुलाचेही जाईल, आणि माझे वडील माझ्याशी जसे वागले तसाच कदाचित तोही वागेल.

तरी मी जाणार. धुतलेले धोतर नेसून जाणार, आणि माझ्या मुलाने शिवलेल्या बैठकीवर, पहिल्या टेबलाशी बसणार. अण्णा त्यांची गोष्ट सांगू लागतील तेव्हा गप्प राहणार. "दुसरा कप आम्हीच पाजला" इथपर्यंत ते आले, की मग मी बोलेन. गिरगावातल्या मोरीपासून आमच्या पागोट्यापर्यंत सगळे. कोणीतरी मला ऊठ म्हणेलच.

मी बसूनच बोलेन.